कोपरीची विहीर खारट कुणी केली?

१

आवडाबाईने पोहऱ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडाला लावलं आणि लगेच सगळं चौथऱ्यावर थुंकून टाकलं.

"जल्ला! पानी खारा झाला गो बायांनो! पार मिठागराचा पानी!"

वैशाखातली संध्याकाळ होती. कोपरीतल्या बायका हंडे-कळशा घेऊन विहिरीवर जमल्या होत्या. आधी सगळ्या हसल्या, कारण राईचा पर्वत करायची आवडाबाईची खोड जुनीच. मग एकीने चाखलं, दुसरीने चाखलं, आणि हसणं बंद झालं. सकाळी याच विहिरीचं पाणी गोड होतं. आता ते जिभेवर ठेववत नव्हतं.

कुणीतरी धावत जाऊन गोपीनाथपंतांना घेऊन आलं.

गोपीनाथपंत म्हणजे ठाण्याच्या कोर्टातून पेन्शन घेऊन निघालेले कारकून. उभी हयात साक्षीदारांच्या जबान्या उतरवण्यात गेली, त्यामुळे समोरचा खोटं बोलतोय हे त्यांना तो बोलायच्या आधीच कळायचं. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. त्यांच्या बायकोचं, विमलाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. नौपाड्यातली राहती जागा सोडून पंतांनी स्टेशनापलीकडे, कोपरीच्या अंगाला घर बांधलं तेव्हा सोयऱ्यांनी नाकं मुरडली होती. "मिठागराच्या चिखलात कुठे जाता?" पण पंत गेले, आणि गेलो ते बरं केलं असं आता येईल त्याला सांगत सुटायचे.

त्याला कारणही तसंच होतं. गेल्या वर्षी पटकीची साथ आली आणि कोपरीत घराघरातून माणसं आडवी झाली. विमलाबाईंचे हातपाय गार पडले. आता काही खरं नाही, असं वैद्यही म्हणून गेला. तेव्हा शेजारची बायजा, मिठागरात राबणारी म्हातारी, त्यांच्या उशाशी येऊन बसली आणि पळीपळीने मिठाची पेज भरवत राहिली. तिच्या स्वतःच्या घरात नात तापाने फणफणली होती, तरी ती इकडे बसली. विमलाबाई उठल्या. त्या दिवसापासून पंत बायजाला कधी अगं-तुगं म्हणाले नाहीत.

साथ ओसरल्यावर मुनसिपालटीचे डॉक्टर आले. विहिरीत वाकून म्हणाले, "ही बुजवा." आता खोटं काय बोलले? काठावर म्हशी धुतल्या जायच्या, धुण्याचं पाणी झिरपून परत आत उतरायचं, निर्माल्य आतच कुजायचं. पण बुजवायची तर प्यायचं काय? एक तर लांबच्या तळ्यावर हेलपाटे, नाहीतर दौलत पखालीवाल्याकडून पाणी विकत. गरिबाला दोन्ही महागच. तेव्हा कोपरीकरांनी हात जोडून एक वर्ष मागून घेतलं, आणि कुणाच्या तोंडाकडे न बघता स्वतःच कामाला लागले. कोपरीतल्या तरण्या राघोने पोरांना घेऊन गाळ उपसला, खडक साफ केला. गडी माणसांनी कठडा उंच केला, उतरता चौथरा बांधला आणि सांडपाणी केळींच्या वाफ्यात नेलं. बायांनी ठरवलं, एकच रहाट, एकच पोहरा, घरचं भांडं विहिरीत बुडवायचं नाही. पंतांनीही एक नियम घातला होता. फूल, पान, नारळ, नासणारी कुठलीही वस्तू विहिरीत पडता कामा नये.

आणि यंदा साथीने कोपरीतलं एकही माणूस गेलं नाही.

परवा सकाळी डॉक्टर पाणी बघायला येणार होते. चांगलं असलं तर विहीर राहणार, नाहीतर मुरुमाच्या गाड्या सांगून ठेवलेल्याच होत्या.

राघो आला, त्याने पाणी चाखलं आणि कठड्याला पाठ लावून मटकन खाली बसला. "पंत, माझ्यामुलं झाला ह्या. मी खडक जास्तीच फोडला. खाडी आत शिरली. आता किती उपसा, खाराच येनार." त्याने कपाळावर हात मारून घेतला. "साहेब येयाच्या आधी मीच बुजवतो. माझे हातानं."

पंत पुढे झाले. त्यांनी चष्मा पुसला, कठड्यावर वाकले, दोन दगडांच्या फटीत बोट घातलं आणि ते बोट राघोच्या नाकासमोर धरलं. बोटाला पांढरेशुभ्र खडे चिकटले होते.

"राघो, खाडी येते ती खालून येते," पंत म्हणाले. "कठड्यावर चढून आत उडी मारत नाही."

२

दुसऱ्या दिवशी उजाडताच पंत चौकशीला निघाले. विमलाबाईंनी मागून हाक मारली, "अहो, कोर्ट सुटून तीन वर्षं झाली!" ती त्यांनी ऐकली नाही.

पहिली जबानी राघोची. "काल भरती कशी होती?"

"कसली भरती, पंत? अष्टमीचा भांग, म्हंजे उधान नाय. पानी मिठागराच्या उघाडीच्या दाराला पन टेकला नाय."

"आणि विहिरीची पातळी? चढली?"

राघोने वाकून बघितलं. विहिरीत जेमतेम गुडघाभर पाणी होतं, परवा होतं तेवढंच. खाडी आत शिरली असती तर पाणी वाढलं नसतं का? त्याचा चेहरा जरासा उजळला, पण लगेच काळवंडलाही. "म्हंजे कुनीतरी मुद्दाम टाकला? मग तर उपसून काय फायदा? आज उपसू, उद्या परत टाकंल."

हे मात्र पंतांच्या मनात आलंच होतं. रोग कळल्याशिवाय औषध देऊन उपयोग काय? वैरी असेल तर तो शोधलाच पाहिजे, आणि आजच्या आज.

वैरी शोधायला लांब जायची गरज नव्हती. पाणी विकून पोट भरणारा दौलत बैलाच्या पाठीवरच्या पखालीचं तोंड बांधत होता. कोपरीची विहीर सुधारली तसं त्याचं अर्धं गिऱ्हाईक तुटलं होतं.

"या पंत, या," तो म्हणाला. "वाटच बघत होतो. गावात खट्ट झालं की दौलतच्या दारात!"

"काल दुपारी कुठे होतास?"

"दुपारी?" दौलतने डोळे मोठे केले. "म्हणजे दुपारी टाकलं मीठ?"

पंतांचा हिशेब सरळ होता. ऊन चढेपर्यंत आवडाबाईने पाणी नेलं, ते गोड होतं. संध्याकाळी खारट. मधली वेळ उरते ती भर दुपारची. त्या वेळी विहिरीवर चिटपाखरू नसतं, कारण साती आसरा, पाण्यातल्या सात देवता, भर दुपारी काठावर उतरतात. तेव्हा जो तिथे दिसेल त्याला झपाटतात असा सगळ्या कोपरीचा समज.

"अहो, मला काय मरायचंय?" दौलत कानाला हात लावत म्हणाला. "रोज पाण्यावर पोट माझं. आसरांशी वाकडं घेऊन पखाल भरू कशी? मी तर दुपारी त्या वाटेनं बैलसुद्धा नेत नाही. नुकसान झालंय माझं, नाही कशाला म्हणू? पण माझी पण दोन पोरं जगलीत यंदा."

पंतांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. दौलतची नजर हलली नाही.

दुसरा संशय धोंडीबावर. देशावरून येऊन कोपरीत म्हशी पाळणारा, तोंडाने फाटका. म्हशी धुवायला बंदी केली तेव्हा त्यानेच भर सभेत ओरडून सांगितलं होतं, "तुमच्या हिरीत माती पडंल, माती!"

"बोललो व्हतो," धोंडीबा धार काढता काढता म्हणाला. "रागात बोललो. पर सांडपाण्यावर तुमी माझ्या म्हशींसाठी डोणी बांधून दिली न्हवं? म्हशी त्यातलंच पितात. खाऱ्या पाण्यानं म्हस आटती, पंत. सोताच्या म्हशीचं दूध कोन आटवील?" मग त्याने आवाज खाली आणला. "आन मला मीठच टाकायचं असतं, तर मिठागराच्या बांधाला काळं, चिखलाचं मीठ ढिगानं पडलंय. फुकट. त्येच नसतं का टाकलं?"

पंत चालायला लागले होते ते थबकले. त्यांनी उपरण्याच्या टोकाला बांधलेले खडे सोडून उन्हात धरले.

दाणेदार, पांढरंशुभ्र, एक काळा कण नाही. हंगामाच्या पहिल्या वाफ्याचं मीठ होतं ते. मिठागरवाले ते विकत नाहीत. देवाला आणि घराला ठेवतात.

वैर साधायला आपल्या घरातली सगळ्यात चांगली वस्तू कोण खर्च करतं?

३

पंत परत विहिरीवर आले. आता ते वैऱ्याच्या खुणा शोधत नव्हते, त्यामुळे सकाळी न दिसलेलं दिसायला लागलं.

विहिरीशेजारी करंजाचं झाड होतं. त्याची एक आडवी फांदी एका जागी नुकतीच सोलवटली होती. दोराने काहीतरी जड टांगलं होतं, आणि ते हललं होतं. पण मीठ टाकायला टांगायचं कशाला? पाटी कठड्यावर उपडी केली की काम भागतं.

फांदीखाली मुंग्यांची रांग लागली होती. मिठाला मुंग्या लागत नाहीत. पंत गुडघ्यांवर बसले. धुळीत गुळाचे बारीक कण होते.

मीठ, गूळ आणि टांगलेला दोर. पंतांनी डोकं खाजवलं. कोर्टात असे तीन साक्षीदार आले असते, तर न्यायाधीशांनी तिघांना हाकलून दिलं असतं.

जेवायच्या वेळी पंत घरी आले. विमलाबाई कैऱ्या चिरून तोंड फुगवून बसल्या होत्या.

"लोणच्याचं यंदा काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "बायजा दरवर्षी मडकंभर पांढरं मीठ देते. वैशाख लागला की आपणहून आणून ठेवते. आज मागायला गेले, तर म्हणाली, संपला. आणि दार लोटून घेतलं हो! माझ्याकडे बघेना. मी तिचं काय वाकडं केलं?"

पंतांचा हात पानावरच राहिला.

ज्या बाईच्या उपकाराखाली आपलं घर आहे, तिच्याच दारात आता जबानी घ्यायला जायचं होतं. गेलो नाही तर उद्या विहीर जाईल. कोर्टात बरं होतं. तिथे साक्षीदारांनी कुणाच्या बायकोला पेज भरवलेली नसायची.

त्यांनी सगळं विमलाबाईंना सांगितलं. विमलाबाईंनी विळी बाजूला सारली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "तुम्ही एकटे जाऊ नका. तुम्ही तोंड उघडलंत की माणूस आरोपी होतो. मी येते."

४

बायजा दारात बसली होती. तिने कालपासून अन्न घेतलं नव्हतं हे चेहऱ्यावरच दिसत होतं. तिची नात तुळसा, तीन वर्षांची, पदर घट्ट धरून मांडीवर होती. म्हणजे पोरीने पदर धरला होता त्याहून घट्ट म्हातारीने पोरीला धरलं होतं.

पंतांनी घसा साफ केला. विमलाबाईंनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं आणि पोरीचा गाल कुरवाळला. "तुळसा, अंगाने भरलीस गो. आता उचलवत नसशील कुणाला."

"माना पाटीत बसवली आयेनं," तुळसा आजीकडे बोट करून ऐटीत म्हणाली. "झाराला झोपाला. गूल दिला खायाला."

बायजाने पोरीच्या तोंडावर हात ठेवला, मग तो काढला, आणि ढसाढसा रडायला लागली.

"नवस व्हता, बाय," ती म्हणाली. "तिकडं तुमच्या उशाशी बसलेली मी, आनि इकडं माझी पोर जायाला लागली. तवा आसरांना बोललू, हिला ठेवा, हिच्या भारंभार देन घालीन. मुका नवस, कुनाला सांगायचा नसतंय. दुपारी त्यांच्या येलंला जेली. पोरीला जोखली. घरात सगल्यात चांगला जा व्हता ता दिला. आनि पंत, मी तुमचा नेम नाय मोरला! तुमीच बोललाव, नासनारा काय टाकायचा नाय. फुला नासतान, नारल नासतंय. मीठ कवा नासतंय का?"

 पंतांचाच नियम म्हातारीने अक्षर न अक्षर पाळला होता. गोड्या विहिरीत मीठ टाकू नका हे सांगायची गरज आहे, असं एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि जन्मभर मिठात राबलेल्या माणसाला मिठाहून पवित्र दुसरं काय असणार?

"सांजचे पानी खारा झाला ऐकला," बायजा म्हणाली. "आसरांनी माझा देना परत फेकला, बाय. आता त्या हिला नेतील."

कालपासूनची भीती ही होती तर. विहिरीची नव्हे, शिक्षेची नव्हे.

विमलाबाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. "कोण नेतो बघू! अगं, तुझ्या त्या मिठावर मी मरणाच्या दारातून परत आले. खाल्ल्या मिठाला मी जागणार की नाही? आसरांना देणं पोचलं. फक्त ते त्यांनी जास्त झालं म्हणून वर ठेवलंय. उपसून काढू आपण. ऊठ, दोन घास खा आधी."

पंत बाहेर येऊन उभे राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी चष्मा पुसायच्या निमित्ताने पुसलं.

विहिरीकडून टिकावाचे घाव ऐकू आले. वैरी काही सापडत नाही म्हणून हताश होऊन राघोने कठडा फोडायला घेतला होता.

५

"थांब रे!" पंत धावत, ठेचकाळत पोचले. त्यांच्या आरडाओरड्याने सगळी कोपरी गोळा झाली.

करंजाखाली उभं राहून त्यांनी उलगडा केला. भांगाच्या दिवसात खाडी चढत नाही, म्हणून खाडी निर्दोष. राघोने खडक बेतानेच फोडला, म्हणून राघो निर्दोष. भर दुपारी विहिरीवर यायची दौलतची छाती नाही, आणि धोंडीबा म्हशींचं पाणी बिघडवणार नाही. मीठ पहिल्या वाफ्याचं, म्हणजे वैराचं नव्हे, भक्तीचं. फांदीला दोर, खाली गूळ, म्हणजे पोर जोखलेलं. "ज्या माणसाने हे केलं त्याच्या मनात काळं नव्हतं. नाव मी सांगणार नाही."

"मी सांगते," मागून बायजा म्हणाली. तुळसा तिच्या कडेवर होती.

 राघोचा टिकाव हातातच राहिला. कोण काय बोलणार, पंतांचा जीव टांगणीला लागला.

आणि आवडाबाई पुढे आली, मान खाली घालून. "पंत, माझा बी नवस हाय. येत्या मंगलवारी फेरायचा व्हता. मीठ बांधून ठेवलाय."

"माझा बी," आणखी एक जण म्हणाली. मग तिसरी. मुका नवस, त्यामुळे एकीचं दुसरीला माहीत नाही.

धोंडीबा पोट धरून हसायला लागला. "म्हंजे दर मंगळवारी एक पोरगं जोखलं असतं! पंत, हिरीचं मिठागरच झालं असतं की!"

मग सगळेच हसले, बायजासुद्धा, रडता रडता. हसू ओसरल्यावर राघोने विचारलं ते मात्र खरं होतं. "पन नवस बाकी कसा ठेवायचा, पंत? बोललेला फेरायला पायजेलच."

पंतांनी विमलाबाईंकडे बघितलं. त्या लगेच म्हणाल्या, "पोराच्या भारंभार गाळ काढा. पाटीत पोर, दुसऱ्या पाटीत विहिरीतला गाळ. दरवर्षी. आसरांना याहून काय हवंय?"

कुणाला काही वेगळं सुचवायची वेळच आली नाही. राघोने टिकाव फेकून लंगोट कसला. रहाटाचा दोर एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागला. दौलत बैल घेऊन आला. "विकतो मी पाणी," तो गुरगुरला, "पण उपसलेलं खाडीपर्यंत तुम्ही काय डोक्यावरून नेणार?" खारं पाणी केळींवर पडू नये म्हणून त्याने पखालीमागून पखाल भरून खाडीत नेऊन ओतली. धोंडीबाने सगळ्यांना ताक पाजलं. दिवस कलला तेव्हा विहीर तळाला लागली. राघोने खडक धुऊन काढला, तीन वेळा. पंत काठावर उभे राहून बघत होते. आपण या माणसांत राहायला आलो हे आपलं केवढं नशीब, असं त्यांनी मोठ्याने बोलूनही दाखवलं. ऐकायला कुणाला सवड नव्हती.

सकाळपर्यंत झऱ्याने विहीर पुन्हा गुडघाभर भरली.

डॉक्टर आले, छत्री घेऊन. त्यांच्यामागे मुरुमाच्या भरलेल्या गाड्या. त्यांच्या कानावर बातमी गेलीच होती. पंतांनी काही न लपवता सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिले, विहिरीत वाकले, चौथरा बघितला, पाण्याचा उतार बघितला.

"काम चोख आहे," ते म्हणाले. "पण मी गेल्या वर्षी इथून किती माणसं उचलताना बघितली आहेत. मला एकच सांगा. हे पाणी आत्ता, माझ्यासमोर, तुमच्यापैकी कोण आपल्या पोराला पाजेल?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खारंच निघालं तर, या धास्तीने पाणी अजून कुणीच चाखलं नव्हतं.

बायजा पुढे झाली. तिने पोहऱ्यातून लोटा भरला.  तिने एकदा विहिरीला नमस्कार केला आणि लोटा तुळसाच्या ओठांना लावला.

पोरगी प्यायली. थांबली. सगळ्यांकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी लोटा धरून घटाघटा पीत सुटली, आणि रिकामा लोटा आजीपुढे करून म्हणाली, "आये, आजून."

डॉक्टरांनी छत्री राघोच्या हातात दिली. चौथऱ्यावर उकिडवे बसले आणि ओंजळ बायजापुढे धरली. तिने पाणी ओतलं. ते प्यायले, पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा प्यायले.

मग तोंड पुसून त्यांनी गाडीवानांना हाक मारली.

"गाड्या वळवा."